भिंतीवरची खूण

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका घाऊक किराणा दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर, तीन आडव्या रेघा ओढलेल्या आहेत. सर्वांत खालची २००५ ची, सर्वांत वरची २०१९ ची आणि त्या दोहोंच्या मध्ये २०२१ ची. दुकानाच्या मालकांना सारी पेठ तात्या म्हणते. प्रत्येक महापूर ओसरल्यावर, भिंतीवरचा गाळाचा पट्टा धुऊन टाकण्याआधी, तात्यांनी त्याच्या वरच्या कडेवर रेघ मारून घेतली आणि शेजारी साल लिहिले. मी विमा सर्वेक्षक आणि हानी निर्धारक म्हणून परवानाधारक आहे. गावात आम्हाला सर्व्हेअर म्हणतात. दरवर्षी मे महिन्यात, वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावर, मी त्या दुकानात जाऊन बसतो आणि त्या रेघांकडे बघतो. माझ्या व्यवसायाची पावसाळ्याची तयारी तिथून सुरू होते.

सांगलीत राहणाऱ्याला पातळीचे आकडे वेगळे शिकवावे लागत नाहीत. १९२९ साली उभ्या राहिलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. २००५ साली ही पातळी ५३ फूट ९ इंचांपर्यंत गेली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती साडेसत्तावन्न फुटांच्या घरात पोहोचली आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५५ फुटांच्या आसपास थांबली. आमच्याकडे महापूर मृगात येत नाही. शेतकरी ज्याला म्हातारा पाऊस म्हणतात, त्या पुष्य नक्षत्रात किंवा त्यानंतरच्या आश्लेषात तो येतो. तोवर कोयना, वारणा ही धरणे भरत आलेली असतात, रान पाणी पिऊन तृप्त झालेले असते आणि घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाला नदीखेरीज दुसरी वाट उरत नाही. हरिपूरच्या संगमावर वारणा येऊन मिळते. दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या की पाणी गावात पसरू लागते.

२००५ च्या पुरानंतर तात्यांनी शहाणपणाचा म्हणावा असाच निर्णय घेतला. त्यांनी दुकानात सिमेंटचा भक्कम माळा बांधून घेतला आणि त्याची उंची त्या वर्षीच्या रेघेपेक्षा दीड फूट वर ठेवली. २०१९ साली पुलावरचे पाणी धोक्याच्या पातळीवरून पुढे सरकू लागले, तेव्हा तात्या, त्यांचा मुलगा, सून आणि चार हमाल यांनी रात्रभर खपून धने, मिरची, साखर आणि डाळींची पोती माळ्यावर चढवली, दाराला कुलूप लावले आणि सारे कुटुंब विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेले. पाणी माळ्यावरून गेले. ओसरल्यावर मी आत गेलो, तेव्हा खाली विशेष काही नव्हतेच. नासलेला सगळा माल माळ्यावर होता, म्हणजे ज्या मालासाठी त्यांनी रात्र जागवली होती तोच माल. फुगून फाटलेल्या पोत्यांतून हरभरा डाळीचा आंबूस वास येत होता. तात्या भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांनी मला एकच विचारले, "साहेब, दीड फूट जास्त धरले होते की हो. आणखी किती धरायला पाहिजे होते?"

हा प्रश्न एका दुकानापुरता नाही, हे मला पुढे माझ्या भाच्यामुळे कळले. तो मूळचा सांगलीचाच. पुण्यात एका कार्यालयात अमेरिकेतील विमा दाव्यांचे काम करतो. मे महिना संपत आला की त्याच्या कामाच्या वेळा बदलतात, रजा मिळेनाशा होतात, कारण अटलांटिक महासागरातील हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा, मोसम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. त्यातही १० सप्टेंबरच्या आगेमागे तो ऐन भरात असतो. आपल्याकडे हवामान विभागाचा मोसमी पावसाचा अंदाज एप्रिलमध्ये येतो आणि मेअखेरीस सुधारला जातो, तसेच तिकडेही मोसमापूर्वी किती वादळे उठतील याचे अंदाज निघतात. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील विल्यम ग्रे यांनी १९८४ पासून असे अंदाज देण्यास सुरुवात केली होती. वाऱ्याच्या वेगानुसार वादळाचे पाच वर्ग करणारी मोजपट्टीही तिकडे रूढ आहे. हर्बर्ट सॅफिर या अभियंत्याने आणि रॉबर्ट सिम्पसन या हवामानशास्त्रज्ञाने ती तयार केली. ताशी सुमारे २५२ किलोमीटरच्या पुढचा वारा पाचव्या वर्गात मोडतो.

भाच्याने सांगितलेली अँड्र्यू वादळाची हकिगत मला तात्यांच्या माळ्याइतकीच जवळची वाटते. १९९२ च्या ऑगस्टमध्ये हे वादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळले. तोवर तिथल्या विमा कंपन्या आपला धोका गेल्या काही दशकांत प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीवरून मापत असत. ती दशके तुलनेने शांत गेली होती, आणि त्याच काळात किनाऱ्यावर वसाहतींमागून वसाहती उभ्या राहिल्या होत्या. जुन्या आकड्यांत ना मोठे वादळ होते, ना ती नवी घरे. वादळ येऊन धडकले तेव्हा कॅरेन क्लार्क यांच्या संस्थेने संगणकीय प्रतिमानाच्या आधारे कळवले की, विम्याखालचे नुकसान १३ अब्ज डॉलरच्या पुढे जाऊ शकते. हा आकडा अनेकांना अतिशयोक्त वाटला. प्रत्यक्षात तो सुमारे साडेपंधरा अब्जांवर गेला आणि अनेक विमा कंपन्या बुडाल्या. दुसऱ्याच वर्षी फ्लोरिडाने हरिकेनच्या आपत्तीसाठी सरकारी निधी उभा केला आणि तेव्हापासून संगणकीय प्रतिमान पाहिल्याखेरीज तिथली कंपनी किनाऱ्यावरचा धोका पत्करत नाही. त्या कंपन्यांकडे गणिती होते, तात्यांकडे खडू होता, पण दोघांनीही शेवटच्या खुणेवरून पुढचे माप काढले. नदीला आणि समुद्राला ती खूण माहीत नव्हती.

भिंतीवरच्या रेघेसारखीच एक जुनी खूण विमापत्रातही असते, आणि माझा अनुभव असा की, माणसे पाण्यापेक्षा तिच्यामुळे अधिक नागवली जातात. ही खूण म्हणजे विमा रक्कम. आमच्याकडच्या बहुतेक दुकानांचा विमा बँकेच्या कॅश क्रेडिटबरोबर, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जाबरोबर, उतरवला जातो. कर्ज मंजूर झाले त्या वर्षी मालाची जी किंमत लिहिली, तीच वर्षानुवर्षे पुढे चालत राहते. हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो आणि विमापत्र बँकेच्या कपाटात राहते. दरम्यान धंदा वाढतो, भाव वाढतात. मग पूर येतो आणि सरासरीचे कलम लागू होते. समजा, पुराच्या दिवशी दुकानात ४० लाखांचा माल होता, विमा मात्र २५ लाखांचाच होता आणि १६ लाखांचा माल नासला. दुकानदाराला वाटते की १६ लाख हे २५ लाखांच्या आतच आहेत, म्हणजे सगळे मिळतील. परंतु मालाचा जेवढा हिस्सा विम्याखाली होता तेवढाच हिस्सा नुकसानीचाही मिळतो, म्हणून १६ लाखांचे १० लाख होतात. त्यातून जुन्या प्रमाणित विमापत्राप्रमाणे नैसर्गिक आपत्तीसाठी ५ टक्के वजा केले की हाती साडेनऊ लाख येतात. हे गणित गाळात उभे राहून समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर शेकडो वेळा आली आहे. गणित बरोबर असते, पण ते सांगायची वेळ चुकीची असते. तेच गणित मे महिन्यात चहा घेता घेता सांगितले तर दुकानदार दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन रक्कम वाढवून येतो.

दुसरी गफलत पुराच्या जोखमीचीच. पूर्वीच्या अग्निविम्याच्या प्रमाणित विमापत्रात वादळ, तुफान, पूर आणि जलमय होणे यांची जोखीम वगळून हप्ता थोडा कमी करून घेता येत असे. नदीपासून दोन हाकांच्या अंतरावर असलेल्या दुकानांनीही काही शे रुपयांसाठी ती वगळलेली मी पाहिली आहे. अशा माणसाला काय सांगायचे, हे मला कधीच जमले नाही. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा आणि व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा व भारत लघु उद्यम सुरक्षा ही प्रमाणित विमापत्रे आली. त्यांत पुराची जोखीम मुळातच धरलेली असते आणि छोट्या उद्योगांना विमा रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी सरासरीचे कलम लावले जात नाही. ही मोठी सुधारणा आहे असे मी मानतो. तरीही पत्ता चुकला तर इलाज नाही. विमापत्रात दुकानाचा पत्ता आणि माल मात्र मागच्या गल्लीतल्या गोदामात, असे दावे प्रत्येक पुरात येतात, आणि त्या गोदामात उभे राहिल्यावर मलाच अपराधी वाटते.

माझा स्वतःचा एक अपराध मात्र खरा आहे आणि तो सांगितल्याशिवाय ही तयारी मला इतकी जिव्हाळ्याची का, ते कळणार नाही. २००५ च्या पुरात मी झेपतील त्याहून अधिक कामे घेतली. नियमाप्रमाणे सूचना मिळाल्यापासून ७२ तासांत सर्वेक्षकाची नेमणूक व्हायला हवी होती. माझी नेमणूक वेळेत झालीही, पण नदीकाठच्या भागातील एका स्टेशनरीच्या छोट्या दुकानात मी प्रत्यक्ष पोहोचलो तो एकोणिसाव्या दिवशी. दुकान चालवणारे काका सत्तरीचे होते. भिजलेल्या वह्या आणि पुस्तकांचा लगदा कुजू लागला होता, शेजारी तक्रार करत होते, रोगराईच्या भीतीने कचरा बाहेर काढण्याचा धोशा लागला होता, म्हणून त्यांनी सारे ट्रॅक्टरमध्ये भरून दिले आणि दुकान धुऊन काढले. मी गेलो तेव्हा स्वच्छ फरशी आणि रिकाम्या फळ्या होत्या. हिशेबाच्या वह्याही त्याच लगद्यात गेल्या होत्या. मी अहवालात लिहिले, "बाधित माल प्रत्यक्ष पाहण्यास उपलब्ध झाला नाही." वाक्यात खोटे काही नव्हते. काकांना त्यांच्या नुकसानीच्या मानाने फारच थोडी रक्कम मिळाली आणि त्यांनी तक्रारही केली नाही. "तुम्ही तरी काय करणार," असे ते मला म्हणाले. पुढच्या वर्षी ते दुकान उघडले नाही. उशीर माझा होता आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

त्यानंतरच्या मे महिन्यापासून मी पेठांतून फिरू लागलो. हे काम मला कोणी सांगितलेले नाही आणि त्याचे शुल्क मी घेत नाही. दुकानदारांना मी सांगतो की, पावसाळ्यापूर्वी एकदा सगळ्या फळ्यांची आणि गोदामाची छायाचित्रे काढा, ती गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवा. यंत्रांवरच्या क्रमांकाच्या पट्ट्यांचे जवळून फोटो घ्या. विमापत्राची प्रत बँकेतून आणून वाचा, निदान पत्ता, रक्कम आणि मुदत संपण्याची तारीख एवढे तरी वाचा. पूर आलाच तर माझी वाट पाहत कुजत्या मालाशेजारी बसू नका. विमा कंपनीला लगेच कळवा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, मालाची मोजदाद करून यादी करा, प्रत्येक प्रकारातला थोडा नमुना बाजूला ठेवा आणि मगच सफाई करा. गाडी पाण्यात गेली असेल तर ती चालू करून पाहण्याचा मोह आवरा. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली तर आतले दांडे वाकतात, आणि ते नुकसान पुराचे नसून त्यानंतरच्या कृतीचे मानले जाते. त्यासाठीचे इंजिन संरक्षणाचे जोड कलम घेतलेले नसेल तर मोठा खर्च अंगावर पडतो.

पुराव्याच्या बाबतीत काळ बदलला, हे मान्य करायला हवे. २००५ साली वह्या वाहून गेल्या की आम्ही पुरवठादारांची पत्रे, विक्रीकराची विवरणपत्रे आणि बँकेला दर महिन्याला दिलेली मालाची विवरणे गोळा करत असू. त्यातल्या शेवटच्या कागदावर विसंबणे कठीण, कारण कर्जाची मर्यादा टिकवण्यासाठी कोणी माल फुगवून लिहिलेला असे, तर कोणी मागच्या महिन्याचाच आकडा उतरवलेला असे. सुरुवातीचा माल, अधिक खरेदी, वजा विकलेल्या मालाची मूळ किंमत, अशी बेरीज-वजाबाकी करून आम्ही पुराच्या दिवशीचा माल ठरवत असू, आजही ठरवतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर खरेदी-विक्रीची नोंद सरकारी संगणकावर राहू लागली आणि २०१९ साली ती अनेक दुकानदारांच्या उपयोगी पडली. पण बिलावर न घेतलेला माल तिथे दिसत नाही. तो मला मोजताही येत नाही, मग मालक कितीही कळवळून सांगोत आणि ते खरे बोलत असल्याची माझी खात्री असो.

विमा कंपन्यांची तयारी आमच्या डोळ्यांआड चालते. पुनर्विम्याचे, म्हणजे विमा कंपनी स्वतःच्या जोखमीचा जो विमा उतरवते त्याचे, करार आपल्याकडे बहुतांशी १ एप्रिलला, म्हणजे पावसाळ्याच्या आधी, नव्याने होतात. फ्लोरिडातील कंपन्या तेच काम हरिकेनच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी, १ जूनला, करतात. मोठा पूर आला की पुण्या-सोलापूरहून सर्वेक्षक बोलवावे लागतात, आणि २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ महामार्गच पाण्याखाली गेला तेव्हा बाहेरून कोणी येणे किती अवघड असते ते कळले. अमेरिकेत वादळाचा मार्ग दिसू लागताच त्या पट्ट्याबाहेरच्या गावांत हानी निर्धारकांची पथके आणून ठेवतात. शिड्या, इंधन आणि मुक्कामाची सोय आधीच झालेली असते, आणि आपत्तीनंतर अनेक राज्ये परराज्यांतील निर्धारकांना तात्पुरते परवानेही देतात. ही गोष्ट आपण उचलावी असे मला मनापासून वाटते. कृष्णेचा पूर अचानक येत नाही. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीत पोहोचेपर्यंत मिळणारा अवधी बाहेरची माणसे विट्यात किंवा जतमध्ये आणून ठेवण्यास पुरेसा आहे. एकोणिसाव्या दिवशी पोहोचणारा सर्वेक्षक मग कोणाच्या वाट्याला येणार नाही.

अमेरिकेतल्या एका भांडणातून मात्र आपण सुटलो आहोत. २९ ऑगस्ट २००५ रोजी, आमच्या इथला गाळ अजून पुरता वाळला नव्हता तेव्हा, कतरिना वादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर धडकले. तिथल्या नेहमीच्या घरविम्यात वाऱ्याचे नुकसान धरलेले असते, पुराचे वगळलेले असते. पुरासाठी १९६८ पासून सरकारची वेगळी योजना आहे आणि तिचे विमापत्र साधारणपणे घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होते. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांची केवळ जोती शिल्लक होती. छप्पर आधी वाऱ्याने गेले की भिंती आधी लाटेने गेल्या, हे त्या जोत्याकडे पाहून ठरवायचे होते, आणि त्यावर वर्षानुवर्षे खटले चालले. आपल्या विमापत्रात वादळ आणि पूर एकाच ओळीत बसलेले असल्याने ही फोड करावी लागत नाही. आमचा वाद वेगळा असतो. शेरीनाल्यातून, म्हणजे शहराचे सांडपाणी नदीकडे नेणाऱ्या नाल्यातून, उलटे चढलेले पाणी हे घर जलमय होणेच आहे, पण गळक्या छपरातून झिरपलेले पाणी पूर ठरत नाही, आणि पाऊस लागून राहिलेल्या आठवड्यात दोन्ही पाणी एकाच खोलीत असते. तेव्हा भिंतीवरची ओल वरून खाली आली की खालून वर चढली, हे मी हात लावून पाहतो.

माझी स्वतःची पिशवी मेअखेरीस भरलेली असते. गमबूट, मेजपट्टी, विजेरी, ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र, फोनसाठी पॉवर बँक, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या वह्या आणि पेन्सिली, कारण ओल्या कागदावर शाईचे पेन चालत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असते. हाताखालच्या दोन्ही मुलांना मी एवढेच सांगतो की, दुकानात शिरल्यावर पहिले पाच मिनिटे वही उघडायची नाही. समोरच्या माणसाचे आधी ऐकून घ्यायचे. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, म्हणून भिजलेले धान्य, मसाले आणि औषधे वाळवून पुन्हा बाजारात जाता कामा नयेत, याबाबत मी फार कडक आहे. भंगार म्हणून त्याची किंमत लावून दाव्याची रक्कम कमी दाखवता येते, पण तो माल कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पोहोचतो. मी त्याची किंमत शून्य लिहितो आणि तो समोर नष्ट करायला लावतो.

या वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तात्यांकडे गेलो, तेव्हा गल्ल्यावर त्यांची सूनबाई होती. आता सगळा व्यवहार तीच पाहते. मालाच्या साप्ताहिक याद्या तिने फोनवर दाखवल्या, विमा रक्कम चालू भावाने वाढवून घेतल्याचा कागदही पुढे ठेवला. मग आम्ही मेजपट्टी घेऊन माळ्यावर चढलो. २०१९ च्या रेघेपासून छताच्या तुळईपर्यंत जेमतेम अडीच फूट उरत होते. "काका, याच्या वर पोती चढवायची म्हटली तरी जागा नाही," ती म्हणाली. खाली बसलेले तात्या काही वेळ वर बघत राहिले आणि मग म्हणाले की, जुलै ते सप्टेंबर असे तीन महिने कुपवाडला गोदाम भाड्याने घ्यावे, भाडे जाईल तर जाईल. सूनबाईने लगेच दोन-तीन ठिकाणी फोन लावले. संध्याकाळपर्यंत एका गोदामाचे नक्की झाले. ते विमापत्रात दुसरी जागा म्हणून माल हलवण्याआधी नोंदवायचे होते, म्हणून अर्ज तिथेच लिहायला घेतला. तिने पत्ता सांगितला, मी लिहिला आणि प्लॉट क्रमांक तिच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला.